आर्वेनचा भरवसा

एदोरासच्या महालात एओविन पाहुण्यापुढे पेला धरते. तो घेताना आरागॉर्नचा हात तिच्या हाताला लागतो आणि तिच्या अंगातून गेलेली थरथर त्याला जाणवते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचणाऱ्या कितीतरी जणांनी या पानावर मनातल्या मनात दोघांवर अक्षता टाकल्या आहेत. पुढे त्याचं लग्न होतं ते एल्फकन्या आर्वेनशी, जी साऱ्या कथेत चार शब्दही धड बोलत नाही. एओविनच्या वाट्याला येतो फारामीर, आणि तोही अवघ्या काही दिवसांच्या ओळखीवर. इथं वाचक खट्टू होतो. ज्या मुलीनं रणात उतरून नाझ्गुलांच्या म्होरक्याला मारलं तिला बाजूला सारून दूर घरी बसून निशाण विणणारी राजकन्या का निवडली, असा त्याचा सवाल असतो.

हा सवाल हवेतला नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या सुरुवातीच्या टिपणांत आरागॉर्न आणि एओविन यांचंच लग्न व्हायचं होतं. नंतर त्यांनी स्वतःसाठी नोंद केली की ही प्रेमकथा काढून टाकावी, आरागॉर्न वयानं फार मोठा आणि फार गंभीर आहे. एओविननं मामा थेओडेनला वाचवताना किंवा त्याचा सूड घेताना मरावं, असाही विचार त्यांनी केला होता. तिच्या मरणानंतर आरागॉर्न जन्मभर एकटा राहतो, अशीही एक कल्पना होती. एल्रॉन्डची मुलगी लेखनात आली तीच मुळी उशिरा, आणि आली तेव्हा तिचं नाव आर्वेनही नव्हतं, फिंडुइलास होतं. म्हणजे जी जोडी आज युगानुयुगांची वाटते, ती लेखकाला कथेच्या शेवटी शेवटी सापडली. तिची गोष्ट मुख्य कथेत मावली नाही म्हणून परिशिष्टात गेली. टॉल्किन मात्र तिला मूळ कथेचाच आवश्यक भाग मानत. पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटांनी (२००१ ते २००३) ती परिशिष्टातून उचलून पडद्यावर आणली, आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंचा वाद आणखीच पेटला.

या वादात बहुतेक वेळा एकच माप लावलं जातं: कोण कोणाला शोभतं? वय, शौर्य, स्वभाव, एकत्र घालवलेली पानं. गंमत अशी की खुद्द टॉल्किन यांना हे माप मान्य नव्हतं. मार्च १९४१ मध्ये मायकेल या मुलाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्यांनी लग्नाबद्दल मन मोकळं केलं आहे. जवळजवळ सगळीच लग्नं एका अर्थी चुकलेली असतात, कारण शोधलं असतं तर दोघांनाही अधिक अनुरूप जोडीदार मिळाला असता. पण खरा जीवाचा सोबती तोच, ज्याच्याशी लग्न झालेलं आहे, असा त्या पत्राचा आशय. लग्नाला संस्कार मानणाऱ्या श्रद्धावान कॅथलिक माणसाचं हे मत आहे. आपल्याकडे लग्नगाठी वर बांधलेल्या असतात असं म्हणतात. टॉल्किन जणू म्हणत होते की गाठ खाली, माणसांच्या हातून पडते, आणि पडल्यावर पवित्र होते.

मग त्यांच्या जगात जोडी ठरते कशावरून? उत्तर मरणापाशी सापडतं. आपल्या पुस्तकाचा खरा विषय सत्ता नसून मृत्यू आणि अमरत्व आहे, असं त्यांनी १९५६च्या एका पत्रात लिहिलं. त्यांच्या जोड्या या एका धार्मिक प्रश्नाभोवती फिरतात: ज्याला संपायचं आहे त्याच्यावर, ज्याला संपायचं नाही त्यानं प्रेम करावं का?

त्या जगाची रचनाच तशी आहे. अमर एल्फ जगाला बांधलेले असतात. शरीर पडलं तरी त्यांचा आत्मा मांडोसच्या दालनात जातो, जगाच्या आतच राहतो आणि पुन्हा देह धारण करू शकतो. माणूस मेला की जगाच्या वर्तुळाबाहेर जातो. कुठे, ते एल्फांना ठाऊक नाही. परमेश्वर इलुवातारनं माणसांना दिलेली ही देणगी आहे असं एल्फ म्हणतात. माणसांना मात्र ती शिक्षा वाटते. एल्फ आणि माणूस यांचं लग्न झालं तर आयुष्यभराची साथ मिळते, पण त्यानंतरची ताटातूट कायमची असते. आपल्याकडे वटपौर्णिमेला सात जन्म मागून घेता येतात. इथं दुसऱ्या जन्माची सोय नाही.

म्हणूनच मर्त्य बेरेनशी लग्न करणारी एल्फ लूथिएन वाचताना मराठी वाचकाला सावित्री आठवणं स्वाभाविक आहे, आणि तिथंच थोडं थांबायला हवं. दोघीही नवऱ्यासाठी मृत्यूच्या देवापुढे उभ्या राहतात. एक यमाला बोलण्यात जिंकते, दुसरी मांडोसला गाण्यानं पाझर फोडते. पण वनपर्वात सावित्रीला मिळतं ते सत्यवानाचं चारशे वर्षांचं आयुष्य. लूथिएनला मिळते ती निवड: बेरेनला विसरून देवभूमीत सुखानं राहायचं, की त्याच्याबरोबर परत जाऊन स्वतःही मर्त्य व्हायचं. ती दुसरा पर्याय घेते. सावित्री नवऱ्याला आपल्या बाजूला ओढून आणते, लूथिएन नवऱ्याच्या बाजूला जाते. तिच्याशी अधिक जवळचं नातं आहे आदिपर्वातल्या रुरूचं. लग्नाआधीच साप चावून मेलेल्या प्रमद्वरेला त्यानं आपलं अर्धं आयुष्य दिलं. तरीही रुरूचा व्यवहार वर्षांचा आहे. लूथिएन वर्षं वाटून देत नाही, ती शेवटचा मुक्कामच बदलते. आईबाप, गणगोत, सगळी एल्फजात एकीकडे आणि ती दुसरीकडे, जगाच्या अंतानंतरही.

मरण वाटून घेता आलं नाही तर काय होतं, तेही टॉल्किन यांनी लिहून ठेवलं आहे. एल्फराजा फिनवेची बायको मीरिएल फेआनोरला जन्म देऊन इतकी थकली की तिनं देह सोडला आणि परत यायला नकार दिला. एल्फांचं लग्न एकदाच आणि कायमचं, त्यामुळे फिनवेला दुसरं लग्न करता येईना. देवतांनी खल करून निवाडा दिला: मीरिएलनं पुन्हा कधीच देह घ्यायचा नाही, तरच फिनवे इंदिसशी लग्न करू शकेल. एका मुलाच्या मनात सावत्रपणाचा जो निखारा पडला त्यानं पुढे सगळी जमात होरपळली. विवाहबंधन अतूट मानणाऱ्या धर्माला छळणारा प्रश्नच टॉल्किन यांनी अमर लोकांत नेऊन ठेवला आहे.

पण सगळ्यात जिव्हारी लागणारी जोडी वेगळीच आहे, आणि ती जोडी झालीच नाही. 'मॉर्गॉथ्स रिंग' हा खंड १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एल्फराजा फिनरॉड आणि आंद्रेथ नावाची ज्ञानी स्त्री यांचा संवाद आहे. टॉल्किन यांच्या चाहत्यानं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, हा संवाद मात्र वाचावा. दोघं मरणावर बोलत असतात. माणसं मुळात मरण्यासाठी घडवलेली नव्हती, मरण नंतर आपल्या वाट्याला आलं, असं आंद्रेथ सांगते. फिनरॉड हादरतो. तत्त्वचर्चा खोल खोल जात राहते, आणि मग हळूहळू उलगडतं की ही चर्चा नुसती तत्त्वांची नाही. फिनरॉडचा भाऊ आएग्नोर याच्यावर आंद्रेथचं तरुणपणी प्रेम होतं. त्याचंही तिच्यावर होतं. तो निघून गेला. आता तिचे केस पांढरे व्हायला लागले आहेत आणि तो होता तसाच तरुण आहे.

फिनरॉड भावाची बाजू मांडतो. युद्धाच्या काळात एल्फ लग्न करत नाहीत. शिवाय दुःखद शेवटापर्यंत गेलेल्या आठवणीपेक्षा अपुरी पण सुंदर आठवण त्यांना बरी वाटते. आएग्नोर कधीच लग्न करणार नाही, कायम तिलाच आठवत राहील. आंद्रेथला यातलं काहीच पटत नाही. एक वर्ष, एक दिवस जरी मिळाला असता तरी तिनं सर्वस्व दिलं असतं. तिला त्याच्या आठवणीतली तरुणी होऊन राहायचं नव्हतं, त्याच्या सोबतीनं जगायचं होतं.

या प्रसंगात फिनरॉड कितीही शहाणा असला तरी बरोबर आंद्रेथ आहे. समोरच्याचं झिजणं पाहवणार नाही म्हणून जो निघून जातो, तो स्वतःच्या आठवणीवर प्रेम करत असतो. आएग्नोरनं आंद्रेथला वाचवलं नाही, स्वतःला वाचवलं. एवढ्या प्रेमळ, एवढ्या थोर लोकांत हा भ्याडपणा दाखवण्याचं धैर्य टॉल्किन यांच्यापाशी होतं, याबद्दल त्यांचे आभारच मानावेत.

याच संवादात फिनरॉड आशेचे दोन प्रकार सांगतो. एकाला एल्फ 'अम्दिर' म्हणतात: जे माहीत आहे त्याच्या आधारानं काही चांगलं होईल अशी वाटणारी आशा. दुसरं 'एस्तेल': हाताशी काहीच आधार नसताना, निर्माता आपल्या लेकरांना दगा देणार नाही एवढ्यावर टिकलेला भरवसा. मराठीत आशा आणि भरवसा यांत जे अंतर आहे जवळजवळ तेच. आंद्रेथपाशी हा भरवसा नाही, आणि तिनं जे सोसलं ते पाहता तिला दोष देणं अवघड आहे.

दोन वर्षांच्या आरागॉर्नला एल्रॉन्डच्या घरी जे टोपणनाव मिळालं ते हेच, एस्तेल. विसाव्या वर्षी त्याला रिव्हेंडेलच्या रानात आर्वेन दिसते. त्याच्या ओठांवर लूथिएनचं गाणं असतं आणि समोरची तीच आहे असं त्याला वाटून जातं. तेव्हा आर्वेनचं वय २७०० वर्षांच्या पुढे गेलेलं आहे. जवळजवळ तीस वर्षांनी लोरिएनमध्ये, केरिन आम्रोथच्या टेकडीवर, लूथिएनसारखंच मर्त्य व्हायचं ठरवून ती त्याला शब्द देते. त्या शब्दानं बाप तुटतो. एल्रॉन्ड पश्चिमेला जाणार आणि ती जाणार नाही, म्हणजे बापलेकीची भेट जगाच्या अंतापर्यंत नाही, कदाचित नंतरही नाही. लग्नाच्या आनंदात हा निरोप झाकला जातो. खरं तर मुलीची पाठवणी इतकी निर्वाणीची क्वचितच कुठल्या कथेत झाली असेल.

एकशेवीस वर्षांच्या संसारानंतर आरागॉर्न, २१० वर्षांचा, जर्जर व्हायच्या आत आपणहून प्राण परत देतो. त्याच्या पूर्वजांना, नूमेनोरच्या राजांना, ती मुभा होती. आर्वेन त्याला थांबायची विनवणी करते. याच प्रसंगावरून अनेक वाचक आरागॉर्नवर रागावतात, आणि त्या रागात तथ्य आहे. अजून थोडे दिवस तो राहू शकला असता. पण आर्वेनला त्या क्षणी कळतं ते भयंकर असतं: मरणाला घाबरून वेडेविद्रे झालेल्या नूमेनोरच्या माणसांना ती इतकी वर्षं मूर्ख समजत आली होती, आज तिला त्यांची कीव येते. देणगी घ्यायला ती तयार झाली होती, देणगीची चव तिला आता कळते. आरागॉर्न तिला कुठलाही पुरावा देत नाही. जगाच्या वर्तुळापलीकडे आठवणीहून अधिक काहीतरी आहे, एवढंच म्हणतो. त्याच्या शेवटच्या क्षणी ती हाक मारते ती राजाच्या नावानं नाही, त्या लहानपणच्या नावानं.

ती हाक म्हणजे विश्वास की आक्रोश, यावर वाचकांचं कधी एकमत होणार नाही. दोन्ही असावं. मात्र एवढं दिसतं की आएग्नोरनं जे टाळलं ते सगळं आर्वेननं पाहिलं: पिकणारे केस, शेवटचा श्वास, रिकामी खोली. आंद्रेथला हवा होता तो दिवस आर्वेननं आरागॉर्नला दिला, एकशेवीस वर्षं दिला. ती घरात बसून निशाण विणत होती म्हणून तिला दुबळी म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं पान पुन्हा वाचावं.

आणि एओविन? तिची गोष्ट याच्या बरोबर उलट दिशेनं जाते. आर्वेन जगण्याकडून मरणाकडे येते, एओविन मरणाकडून जगण्याकडे. चोवीस वर्षांची ही मुलगी खंगलेल्या मामाची शुश्रूषा करत, बंद दारांआड गुदमरत वाढली. आरागॉर्नमध्ये तिला दिसतं ते दार: रण, कीर्ती, आणि ते नाही तर मरण. मृतांच्या वाटेवर आपल्यालाही ने, असं ती विनवते. नकार मिळताच पुरुषवेषात मरण शोधायला निघते. आरागॉर्न तिच्या भावाला पुढे सांगतो की तिनं माझ्यात एका सावलीवर, एका कल्पनेवर प्रेम केलं. तो तिला बरं करू शकतो, जगायची इच्छा देऊ शकत नाही. फारामीर स्वतः जखमी आहे आणि त्याच्यापाशी द्यायला विजय नाही. मिनास तिरिथच्या तटावर वाऱ्यात उभ्या असलेल्या एओविनच्या खांद्यावर तो आपल्या मेलेल्या आईचा निळा, चांदण्यांचा झगा पांघरतो, आणि दोघं पूर्वेच्या अंधाराकडे बघत बसतात. तिथं एओविन तलवार ठेवून उगवणाऱ्या, वाढणाऱ्या गोष्टींवर माया करायचं ठरवते.

हे फार घाईत झालं अशी तक्रार टॉल्किन यांच्या हयातीतच झाली होती. त्यावर १९६३च्या सुमारास त्यांनी उत्तर लिहिलं: मरण समोर उभं असतं अशा काळात भावना आणि निर्णय फार लवकर पिकतात, हा आपला अनुभव आहे. तो अनुभव ऐकीव नव्हता. टॉल्किन यांना एडिथ ब्रॅट भेटली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. एकविसावं वर्ष लागेपर्यंत तिला भेटायचं नाही, असं त्यांच्या पालक धर्मगुरूनं बजावलं. जानेवारी १९१३ मध्ये, एकविसावा वाढदिवस येताच, त्यांनी तिला पत्र लिहिलं. तिचं दुसरीकडे ठरलं होतं, ते तिनं मोडलं. त्यांच्यासाठी तिनं धर्मपंथ बदलला, त्यापायी राहतं घर सोडावं लागलं. २२ मार्च १९१६ला लग्न झालं, जूनमध्ये टॉल्किन फ्रान्सला गेले, जुलैत सोमची लढाई सुरू झाली. पुढच्या वर्षी आजारपणातून सावरत असताना यॉर्कशरमधल्या रूस गावाजवळच्या झाडीत एडिथ त्यांच्यासाठी नाचली, आणि त्या नाचातून लूथिएन आली.

एडिथ नोव्हेंबर १९७१ मध्ये गेली. पुढच्या जुलैत टॉल्किन यांनी क्रिस्टोफर या मुलाला पत्र लिहून कळवलं की दगडावर तिच्या नावाखाली 'लूथिएन' कोरायचं आहे. गोष्ट वाकडी झाली, आपण मागे राहिलो आणि मांडोसपुढे उभं राहून विनवणी करायची ताकद आपल्यात नाही, असंही त्यांनी त्याच पत्रात लिहिलं. सप्टेंबर १९७३ मध्ये टॉल्किनही गेले, आणि ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत तोच दगड त्यांच्यासाठी पुन्हा कोरला गेला. 'लूथिएन'च्या खाली आता 'बेरेन' आहे.