अर्ध्या तासात निघेल असा बंपर

उद्यमनगर, कोल्हापूर

चि. केदार यास,


तुझा आराखडा आणि जिप्सीच्या पुढच्या बाजूचे फोटो मिळाले. बंपर विकत न आणता स्वतः करायचा, हे तू ठरवलंस याचा मला फार आनंद झाला. मापंही मन लावून घेतली आहेस. पण आराखडा पाहताना जाणवलं की, गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमधल्या गाड्या तुझ्या डोळ्यांसमोर होत्या. जाड पाइप, थेट चासीला वेल्डिंग, वर तीन कमानी. त्या गाड्या स्पर्धेसाठीच बांधलेल्या असतात. तुझी जिप्सी सोमवारी तुला कामावर नेते आणि शनिवारी ताईला बाजारात. म्हणून आराखडा पुन्हा काढायला बस आणि या वेळी आधी एक अट घाल: हा बंपर एकट्या माणसाला, दोन पान्यांनी, अर्ध्या तासात काढता आला पाहिजे आणि उचलून गाडीच्या मागच्या भागात ठेवता आला पाहिजे.

या अटीमागे पहिलं कारण कायद्याचं आहे. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवून कळवलं की, गाडीला बसवलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२चा भंग आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल गाडीत करता येणार नाहीत, असा निकाल दिला. तेव्हा रस्त्यावर कंपनीचाच बंपर लागणार. तुझा बंपर शेतातल्या, खासगी जागेतल्या ट्रेलसाठी. तिथं पोहोचल्यावर बसव आणि निघण्यापूर्वी उतरव. याला कंटाळशील तर बंपर करूच नकोस, इतकं मी स्पष्ट सांगतो.

दुसरं कारण माझ्या दृष्टीनं कायद्याहून मोठं आहे. पत्र्याचा बोनट धडकेत दबतो, म्हणून समोरच्या माणसाला लागणारा मार थोडा तरी कमी होतो. पाइप दबत नाही. तुझ्या चित्रातली वरची कमान जमिनीपासून जवळपास मीटरभर उंचीवर आहे, म्हणजे तीन-चार वर्षांच्या पोराच्या डोक्याच्या पातळीवर. असं काही पुढे लावून गावातल्या गल्लीतून गाडी नेणं मला मान्य नाही.

तुझा मित्र त्याच्या नव्या थारसाठीही असाच बंपर मागतो आहे, त्याला नाही म्हण. त्या गाडीला एअरबॅग आहेत. धडकेत गाडीचा वेग किती झपाट्यानं उतरतो हे सेन्सर मोजतो आणि त्यावरून बॅग फुगवायची की नाही हे ठरतं. पुढचा भाग किती मऊ, किती कडक आणि कसा चेमटत जातो, हे कंपनीनं धडक-चाचण्या करून जुळवलेलं असतं. तिथं कडक पाइप थेट चासीला जोडला की सगळा हिशेब बदलतो. तुझ्या जुन्या जिप्सीत एअरबॅगच नाहीत, म्हणून आपण हा विषय बोलतो तरी आहोत.

आता वजन. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३७५ मिमी. पुढच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे तू ४० किलोचा बंपर टांगलास, तर पुढच्या ॲक्सलवर ४० नव्हे, ४८ किलो वाढतात आणि मागचा ॲक्सल आठेक किलोंनी हलका होतो. गाडी जेमतेम टनाची, त्यात पुढचे पाटे आधीच थकलेले. चढावर मागची चाकं पकड सोडू लागली की हे आठ किलो जाणवतात. माझ्या हिशेबानं २०-२२ किलोंच्या पुढे जायचं नाही. तेवढं वजन एकट्याला उचलता येतं आणि आपली अटही पाळली जाते.

पाइप ४० एनबीचा, बी क्लासचा, काळा घे. दुकानात त्याला दीड इंची म्हणतात, पण बाहेरून तो ४८.३ मिमी भरतो. मित्राच्या कॅटलॉगमधली दीड इंची ट्यूब मात्र बाहेरूनच ३८ मिमी असते. आराखड्यात तू दोन्ही मापं मिसळली आहेस, ती सुधार. बी क्लासवर निळा पट्टा असतो, जाडी सुमारे ३.२ मिमी, मीटरला साडेतीन किलोंच्या आसपास. साडेचार मीटर पाइप पुरेल: चाकाच्या रेषेच्या आत संपणारा एक मुख्य आडवा, त्याला टोकाशी वर आणि मागे वळवलेले दोन तुकडे, आणि मधे रेडिएटरच्या जाळीपुढे एकच बसकी कमान. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस. जस्त ९०७ अंशांवर उकळतं, पोलाद वितळायला त्याच्या दीडपट तापमान लागतं, म्हणजे वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होणारच. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

पाइप वाकवायला प्लंबरचा हायड्रॉलिक बेंडर वापरू नकोस. त्यात पाइप आतल्या बाजूनं चेपतो आणि नेमका तिथंच पुढे मोडतो. शिरोलीत फर्निचरच्या पाइपांचं काम करणारे आहेत, त्यांच्या डाय असलेल्या मशीनवर वाकवून घे. मधल्या रेषेची त्रिज्या पाइपाच्या तिप्पट, म्हणजे १४५ मिमीच्या खाली नको. पाइपाचा मूळ जोड बाकाच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला येऊ न देता बाजूला ठेवायला सांग. ताण सगळ्यात कमी तिथं असतो.

पाइपाला पाइप जोडताना माशाच्या तोंडासारखी खाच काढावी लागते. कागद गुंडाळून खूण कर, ग्राइंडरनं काढ आणि कानसीनं बसव. फट मिलीमीटरहून जास्त दिसली तर पुन्हा घास. फट रॉडनं भरून काढायची सवय मी कितीतरी हुशार मुलांत पाहिली आहे. वरून वेल्ड देखणा दिसतो, आत निव्वळ भरणा असतो.

वेल्डिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तू नवा आहेस. ३.२ मिमीच्या पाइपाला २.५ मिमीचा ६०१३ रॉड पुरे. करंट ७०-८० अँपिअरपासून सुरू कर. पण बंपरला हात लावण्याआधी त्याच पाइपाचे आणि सहा मिमीच्या प्लेटचे उरलेले तुकडे घे. प्लेटवर पट्टी उभी करून फक्त एका बाजूनं वेल्ड मार, गार होऊ दे, मग शिकंज्यात धरून पट्टी घणानं वेल्डच्या अंगाला पाड. जोड तुटला की दोन्ही कडा उन्हात धरून पाहा. मुळाशी धातू एकमेकांत गेलेला दिसला तर ठीक. एका बाजूला प्लेटची मूळ कडा जशीच्या तशी गुळगुळीत दिसली, तर वेल्ड नुसता वर चिकटला होता. आत काळी रेघ असेल तर स्लॅग अडकला, बारीक भोकं असतील तर रॉड ओला होता किंवा आर्क लांब धरला होतास. असे तुकडे तोडत राहा, ओळीनं चांगले निघायला लागेपर्यंत. मी आयुष्यभर वेल्ड तपासले आणि नुसतं वरून पाहून कुणाच्याही हाताची खात्री दिली नाही. तुझीही देणार नाही.

मग सगळा बंपर गाडीवर नुसत्या टाक्यांनी उभा कर. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढ आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लाव. टाके पडले की पुढचं एक चाक दगडावर चढवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. टायर कुठं घासतो का, दगड आधी पाइपाला लागतो की टायरला, हे इथंच कळेल. आधी टायर लागला पाहिजे. जाळीपुढे दिव्यांची रांग लावू नकोस. लो गिअरमध्ये रांगत चढताना रेडिएटरला वारा फक्त पंख्याचा मिळतो. सगळं जमलं की बंपर उतरवून जमिनीवर ठेव आणि समोरासमोरचे जोड आलटून पालटून पूर्ण कर, नाहीतर तो ओढला जाऊन भोकं जुळणार नाहीत. वेल्ड ग्राइंडरनं सपाट करण्याचा मोह टाळ. घासलेला प्रत्येक मिलीमीटर ताकदीतून जातो.

चासीला वेल्डिंग करायचं नाही आणि तिच्या वरच्या-खालच्या पट्टीला नवं भोकही पाडायचं नाही. मूळ बंपरची भोकं आहेत, तीच वापर. दोन्हीकडे सहा मिमीच्या प्लेटा, प्रत्येकीला दोन, असे एम-१२चे चार बोल्ट, डोक्यावर ८.८ कोरलेले. चासी पोकळ आहे. बोल्ट आवळताना ती चेमटू नये म्हणून जिथं बोल्ट आरपार जातो तिथं आत नळीचा तुकडा घाल.

आराखड्यातला मधल्या कमानीचा हुक मात्र पूर्ण काढून टाक. चिखलात रुतलेली भरलेली जिप्सी दीड टनाच्या आसपास असते आणि लवचिक दोरानं झटका देऊन ओढताना त्याच्या काही पट जोर एका ठिकाणी येतो. पाइपावरचा हुक सुटला तर तो दोरासकट समोरच्या माणसाच्या अंगावर जातो. यात माणसं मेली आहेत. खेचण्यासाठी १२ मिमीच्या प्लेटचे दोन डोळे कर, बंपरपासून वेगळे, थेट चासीच्या टोकांना बोल्ट केलेले, मूळ बंपरच्या रेषेच्या मागे राहतील असे. शॅकल ३.२५ टनाची खूण कोरलेली घे. खूण नसलेली फुकट मिळाली तरी वापरू नकोस.

पाइपाची टोकं बंद करण्याआधी खालच्या अंगाला सहा मिमीचं एकेक भोक पाड. ते नसेल तर आतली हवा तापून शेवटचा टाका फुंकून बाहेर येतो, आणि पुढे आंबोलीच्या पावसात शिरलेलं पाणी आतल्या आत पाइप गंजवत बसतं. रंग साधा: प्रायमर आणि वर एनॅमल. पावडर कोटिंग दिसायला सुंदर, पण दगड लागून टवका उडाला की गंज त्याच्याखाली पसरत जातो आणि घरी ब्रशनं डागडुजी करता येत नाही.

सुती कपडे घाल, वेल्डिंगची काच ११ नंबरची ठेव, ग्राइंडरचं गार्ड काढू नकोस. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहिलं.

प्लेट कापण्याआधी पुठ्ठ्याचे नमुने काढ आणि पुढच्या रविवारी ते घेऊन ये. सोबत तोडलेले वेल्डचे तुकडेही आण, चांगले आणि वाईट दोन्ही. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा