सैल नॉब

दुरुस्ती कोणासाठी करावयाची? वस्तू पुन्हा चालू व्हावी म्हणून, असे उत्तर कोणीही देईल. काही वर्षांपूर्वी एका बेस गिटारने आम्हांला या उत्तराचा फेरविचार करावयास लावले.

ते वाद्य आमचे नव्हते. घरच्या लग्नात मुलांना वाजविता यावे म्हणून एका तरुण स्नेह्याने ते विश्वासाने दिले होते. समारंभ आटोपला आणि ध्यानी आले, की आवाजाचा नॉब सैल झाला आहे. फिरविला तर नुसताच गरगरतो, ओढला तर हाती येतो. दुसऱ्या दिवशी वाद्य परत करावयाचे होते. आम्ही झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडला. नॉब घट्ट बसला. वाद्य परत गेले; त्यासोबत एक शब्दही गेला नाही.

पुढे त्या मुलाने नॉब बदलावयास घेतला. तो निघेना, म्हणून त्याने जोर लावला आणि आतला दांडाच मोडला.

तेव्हा कोठे आम्ही ही लहानशी रचना समजावून घेतली. लिओ फेंडर यांनी १९५१ साली आणलेल्या प्रिसिजन बेसवर दोनच नॉब होते: एक आवाजाचा, दुसरा स्वराच्या पोताचा. नॉबखाली दांडा असतो आणि दांड्याखाली पॉट, म्हणजे आवाज कमीअधिक करणारा भाग. काही नॉबच्या बगलेत बारीक स्क्रू असतो. तो आवळला की काम झाले. काही नॉब चिरलेल्या दांड्यावर नुसते दाबून बसविलेले असतात. तेथे दांड्याची फट पातळ स्क्रू ड्रायव्हरने किंचित, अगदी किंचित, रुंदावावी. पुष्कळदा मात्र नॉब निर्दोष असतो, आणि खालचा नट ढिला झाल्याने सगळा पॉटच फिरत असतो. अशा वेळी आतून पॉट धरून ठेवावा आणि मगच नट आवळावा. अन्यथा तारा पिळवटतात व त्यांचे डाख सुटतात. गोंदाचे तसे नाही. तो दांड्यावरून ओघळून पॉटमध्ये शिरला, तर पॉट कायमचा जखडतो.

आम्ही खोटे बोललो नव्हतो. मग आमचा अपराध कोणता? हा प्रश्न आम्ही बरेच दिवस टाळला. मोडका दांडा जुनेपणामुळे गेला, असे तो मुलगा समजत होता. आम्हीही तसे समजू दिले. अखेर एका संध्याकाळी नव्या पॉटचे पैसे घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो आणि सारे सांगितले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "काका, गोंद लावलात त्याचं काही नाही. पण सांगितलं असतंत, तर मी जोर लावला नसता."

त्या वाक्याने आमचा हिशेब चुकता झाला नाही. तो प्रथमच स्पष्ट झाला. नुकसान आमच्या मौनाने केले होते, आणि ते करविले त्याच्याच हातून. वस्तू उद्या ज्याच्या हाती जाईल, त्याच्याशीही दुरुस्ती करणाऱ्याचे देणे लागते. पुन्हा उघडता येईल असे काम करावे; तसे जमले नाही, तर निदान काय केले ते सांगावे.

पैसे त्याने घेतले. आम्हांला बरे वाटले.