बटणांच्या फोनसाठी लिहिताना

नवा फोन आला की गिऱ्हाईक कॅमेरा आणि बॅटरी विचारतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आधी वेगळंच जाणून घ्यायचं असतं. यावर आपलं ॲप कुठल्या वाटेने पोचणार, ती वाट कोणाच्या हातात आहे आणि किती वर्षं उघडी राहणार? २०१८ मध्ये जिओफोनसाठी काम करायचं की नाही हे ठरवायची वेळ आली, तेव्हा हे प्रश्न माझ्यासमोर नीट उभे राहिले.

जुलै २०१७ मध्ये या फोनची घोषणा झाली. दीड हजार रुपये अनामत ठेवायची आणि बटणांच्या फोनवर फोर-जी मिळवायचं. काशीमीऱ्याला हायवेच्या दोन्ही अंगांना गाळे, गॅरेजं, हॉटेलं आहेत. तिथे राबणाऱ्यांच्या खिशात तो लवकरच दिसू लागला. एका ठेकेदाराच्या कामगारांची हजेरी, ओव्हरटाइम आणि उचल नोंदवायचं ॲप आम्ही अँड्रॉइडवर केलं होतं. ते मुकादमापुरतंच राहिलं होतं, कारण आपला खाडा बरोबर लागलाय का, हे कामगाराला स्वतःच्या फोनवर बघता येत नव्हतं. ही उणीव मला मनापासून बोचत होती. पगाराचा हिशोब ज्याचा, त्याला तो दिसलाच पाहिजे.

जिओफोनच्या आत कायओएस होती आणि तिचं मूळ फायरफॉक्स ओएसमध्ये. मोझिलाची ही प्रणाली २०१४ मध्ये भारतात इंटेक्सच्या १,९९९ रुपयांच्या फोनवर आली होती. पुढच्याच वर्षाच्या शेवटी मोझिलाने फोनसाठीचं ते काम आवरतं घेतलं. पण कोड खुला होता, म्हणून त्यावर कायओएस उभी राहू शकली. ॲप लिहायचं ते एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्येच. वेबपान करता येणाऱ्या कोणालाही इथे प्रवेश होता, आणि ही मला त्या प्रणालीतली सर्वांत उमदी गोष्ट वाटली. अडचण वयाची होती. आतलं इंजिन २०१६ सालचं, गेको ४८. सीएसएस ग्रिड नाही, असिंक-अवेट नाही. रोजच्या सवयीचा कोड जुन्या बोलीत उतरवून मगच फोनवर चढवावा लागे.

खरी परीक्षा पडद्यावर होती. २४० बाय ३२० पिक्सेल, स्पर्श नाही. बोटाने कुठेही टेकता येत नाही म्हटल्यावर प्रत्येक पानावर निवड कुठून सुरू होते, खालचा बाण दाबल्यावर कुठे जाते, शेवटच्या ओळीनंतर काय होतं, हे सगळं आपणच ठरवायचं. मराठी मजकुराने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. इंग्रजीला पुरेल एवढीच ओळीची उंची ठेवली, तर ‘सूर्यवंशी’ या नावातला रफार वरून कापला जाई आणि ऊकार खालच्या ओळीत घुसे. ओळ मोकळी केली की पडद्यावर नावं कमी मावत. आम्ही कमी नावं पत्करली. माणसाचं नाव तुटकं दिसणं मला मान्य नव्हतं.

टाइप करणं तर शक्य तेवढं काढूनच टाकलं. १ दाबला की हजर, २ म्हणजे अर्धा दिवस, ३ म्हणजे खाडा. आमच्या इमारतीच्या वॉचमनकाकांना फोन दिला, तेव्हा त्यांनी पडद्याकडे न बघता आठवडा भरून टाकला. मग विचारलं, “साहेब, मध्येच फोन आला तर हे जाईल का?” रॅम अवघी ५१२ एमबी. कॉल आला की मागचं ॲप बंद पडण्याची धास्ती खरीच होती. त्यानंतर प्रत्येक बटणासरशी नोंद फोनमध्येच साठवायची, असं केलं.

इथपर्यंतचं कष्टाने सुटणारं होतं. वितरणाचं तसं नव्हतं. प्रणाली एकच, पण नोकिया ८११० फोर-जीसारख्या फोनला कायस्टोअर आणि जिओफोनला जिओस्टोअर. एका दुकानात घेतलेलं ॲप दुसऱ्यात आपोआप जात नसे. फोन जिओच्याच सिमवर चालणारा, दुकानही त्यांचंच. व्हॉट्सॲपसुद्धा या फोनवर यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. त्या तुलनेत ठाण्या-पालघरच्या कामगारांचा हिशोब ठेवणाऱ्या लहान ॲपला कोण विचारणार? कंपनीचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण ज्या दाराची किल्ली दुसऱ्याकडे आहे, त्याच्या भरवशावर मजुरीची वही ठेवणं मला पटेना.

म्हणून मी ठेकेदाराला सांगितलं, दुकानासाठी ॲप नको, फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारं हलकं पान करू. यात तोटा होता. होमस्क्रीनवर चिन्ह नाही, पत्ता एकदा भरून द्यावा लागतो, नेटवर्क गेलं तर नवं काही दिसत नाही. वेळ जास्त लागला आणि पैसे कमी मिळाले. तरी मी आजही तोच सल्ला देईन.

पुढे स्वस्त अँड्रॉइड आले आणि बटणांचे फोन एकेक करून ड्रॉवरमध्ये गेले. २०२४ मध्ये कायओएसवर व्हॉट्सॲप नव्याने घेणंही बंद झालं. ठेकेदाराची माणसं तोच पत्ता आता स्पर्शाच्या फोनवर उघडतात, आणि १, २, ३ आम्ही तसेच ठेवले आहेत. नवी प्रणाली घेऊन कोणी आलं की मी तिच्या ब्राउझरमध्ये पहिल्यांदा तेच पान उघडतो, रफार आणि ऊकार बघतो, आणि दुकानाचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.