कालवण तिच्याच हातचे

सातपाटीच्या खाडीपलीकडे, आपल्या मुरबे गावात ताजे बोंबील आले की घरोघरी लगबग सुरू होते. पण आईला आमवात असला की आपण म्हणतो, "तू बस, आम्ही करतो." यात माया असते, थोडी आपली घाईही असते, हे कबूल करू या. विश्रांती देताना आपण तिचा आनंदच तर काढून घेत नाही ना?

आमवातात सकाळी बोटे ताठतात, कधी तासाहूनही अधिक वेळ. मग कालवण दुपारी का होऊ नये? बोंबील मऊ, कापायला जोर लागत नाही. जड पातेले आपण उतरवावे. वाटण किती, चिंच किती, ते तिने ठरवावे. रक्तदाबही असेल तर मीठ बेतानेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही कमी मीठ सांगते. खारवलेली मासळी मग बाजूला राहते. चिंच-लसणाचा हात सढळ होतो. तिच्यापुढे पथ्याचे वेगळे भांडे ठेवून बाकीच्यांनी चमचमीत खावे, हे मात्र आपल्याला पटत नाही.

दुखणे जाणार नाही. तरी उकळी आल्यावर ती चव घेते, तेव्हा सारे घर तिच्या तोंडाकडे बघत असते. "अजून थोडी चिंच," ती म्हणते.