नाण्यावरील ईश्वरनाम

बुऱ्हाणपूरच्या लालबागेत जुन्या रुपयांचा विचार करताना हे मनात येते की, येथील टांकसाळीत मोगल अमलात पडलेल्या शहाजहानी रुपयावर कलमा असे, परंतु पवित्र वचनाची विटंबना होऊ नये म्हणून औरंगजेबाने तो नाण्यांवरून हुकमाने वगळला. आणि १९०७ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीही याच धारणेने नव्या सुवर्णनाण्यांवरील ईश्वरविश्वासाचे वचन गाळविले, जे १९०८ साली कायद्याने परत आले. रुप्याच्या मॉर्गन डॉलरवर मात्र ते अबाधित राहिले. आपल्याकडे ठसा चकतीहून मोठा असल्याने अक्षरे बहुधा खंडितच उमटत; म्हणूनच पूर्ण, ठसठशीत ठशाचे नाणे धुंडाळणाऱ्या संग्राहकाची तळमळ निव्वळ परिग्रह होय, असे मला वाटत नाही. चलनातून सुटलेले ते नाम जपणारा, ते मुशीत वितळविणाऱ्यापेक्षा निःसंशय अधिक श्रद्धावान आहे.