नकार तरी कळवा

मुलाखतीत नाकारलं जाण्यात अन्याय नाही. जागा मोजक्या, उमेदवार ढीगभर. कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. माझी तक्रार आहे ती ‘नाही’ न म्हणण्याच्या रीतीबद्दल. कंपन्या तिला किरकोळ बाब समजतात. मला ती हक्काची बाब वाटते.

भरतीच्या ड्राइव्हच्या दिवशी नागपूरच्या खापरी मेट्रो स्टेशनवर मुलाखतीला निघालेली इंजिनिअरिंगची मुलं लगेच ओळखू येतात. इस्त्रीचा फिका शर्ट, पाठीवर सॅक आणि छातीशी धरलेलं प्लास्टिकचं फोल्डर. त्यात दहावीपासूनच्या गुणपत्रिका, कारण ‘थ्रूआउट साठ टक्के’ची अट. जवळच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत. परसोडीच्या आयटी पार्कात आणखी काही. उमरेड, वणी, पुलगावची मुलं आदल्या रात्री कुणा आत्याकडे मुक्काम करून येतात. अ‍ॅप्टी, कोडिंग, टेक्निकल आणि शेवटी एचआर. तिथला हमखास प्रश्न, ‘रिलोकेट व्हायला तयार आहात का?’ विदर्भातल्या पोरांना घराजवळ काम मिळेल, असं सांगून मिहान उभं राहिलं, आणि मिहानच्या दारातच त्यांना गाव सोडायची तयारी विचारतात. मुलं ‘येस सर’ म्हणतात. मग ‘आम्ही कळवू’.

आणि कळवत कुणीच नाही. ओळखीतली एक मुलगी कित्येक आठवडे पोर्टल उघडून बघत होती. “सर, अजून ‘अंडर प्रोसेस’च दाखवून राहिलं.” तोवर बुटीबोरीच्या एका कारखान्यातली, पगाराने कमी पण हातातली नोकरी तिने लोंबकळत ठेवली. कारखान्याने दुसरा माणूस घेतला. एका ओळीचा नकार वेळेवर आला असता, तर ती आज कामावर असती.

याला निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. निवडलेल्यांपैकी काही जण दुसरीकडे जाणार, हे कंपनीला ठाऊक असतं. उरलेल्यांना नकार कळवला की ते मोकळे होतात. न कळवता ठेवले तर राखीव साठा फुकटात तयार. थांबण्याची किंमत फक्त उमेदवार मोजतो. ऑफर लेटर हाती आलेले तरी कुठे सुटतात? साडेसहा लाखांचं पॅकेज कबूल केलेल्या फ्रेशर्सना विप्रोने २०२३मध्ये साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं. २०२२मध्ये निवडलेल्या अनेकांना इन्फोसिसने २०२४ उजाडलं तरी रुजू करून घेतलं नव्हतं. पुण्याची नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना ते प्रकरण घेऊन केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली.

सरकारी भरतीला आपण एरवी नावं ठेवतो, आणि त्यातली बरीच रास्त असतात. पण यूपीएससीत निवड न झालेल्यालाही मुलाखतीचे २७५पैकी किती गुण पडले ते कळतं. कनिष्ठ पदांच्या मुलाखतींत वशिला चालतो म्हणून केंद्राने २०१६पासून त्या मुलाखतीच बंद केल्या. खासगी कंपनीला माहितीचा अधिकार लागू नाही, त्यामुळे तिथे विचारायची सोयच नाही.

अर्ज हजारोंनी येतात, प्रत्येकाला उत्तर कसं देणार, असं एचआरवाले म्हणतात. अर्जापुरतं ते मान्य. पण समोर बसवून ज्यांची मुलाखत घेतली, ते हजारो नसतात. शिवाय परीक्षेची लिंक मध्यरात्री बिनचूक पाठवणाऱ्या यंत्रणेला नकाराचा मेल तेवढा जड जातो, हे पटत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने १ जानेवारी २०२६पासून नियमच केला आहे : २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाने जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर ४५ दिवसांत निवडीचा निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचं. आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल.

तोवर कॉलेजांच्या हाती एक गोष्ट आहे. ड्राइव्हसाठी कंपनीला आमंत्रण देताना निकालाची तारीख लेखी मागायची. कॉलेजांचे प्लेसमेंट अधिकारी, म्हणजे टीपीओ, ती मागत नाहीत, कारण कंपनी पुढच्या वर्षी फिरकणार नाही ही धास्ती. एकट्यादुकट्या कॉलेजची धास्ती खरीच आहे. पण हिंगणा रोडपासून काटोल रोडपर्यंतच्या सगळ्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी एकाच वर्षी तीच अट घातली, तर मिहानमधली कंपनी माणसं आणायला जाणार कुठे? या मंडळींना एकत्र बसवायला फार तर एक दुपार लागेल. प्लेसमेंटच्या बॅनरवर आकडा कुणाचा मोठा, यावरून ती सध्या एकमेकांशी बोलत नाहीत, एवढीच अडचण आहे.