दैवाची हद्द

मांडवी नदीच्या काठी वसलेले ओतूर हे जुन्नर तालुक्यातील गाव कांद्याच्या बाजारासाठी, श्रावणी सोमवारच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेसाठी आणि संत तुकारामांचे गुरू मानल्या गेलेल्या बाबाजी चैतन्यांच्या समाधीसाठी ओळखले जाते. या परिसरातील शेतीत बैलजोडीचे काम आता बहुतांशी ट्रॅक्टरकडे गेले आहे, आणि द्राक्षबागेच्या ओळींतून किंवा अरुंद वावरातून जिथे मोठे यंत्र वळत नाही तिथे छोटा ट्रॅक्टर चालतो. कामाबरोबर मानही यंत्राकडे आला. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, जिथे पूर्वी विळा-कोयता आणि नांगराचा फाळ पुजला जात असे तिथे आता धुऊन पुसून उभा केलेला ट्रॅक्टरही पुजला जातो; त्याच्या बॉनेटवर हळदकुंकवाची बोटे उमटतात, रेडिएटरच्या जाळीला झेंडूची माळ चढते आणि चाकाखाली लिंबू ठेवले जाते. या आचारातून धर्मविचाराचा एक जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. ट्रॅक्टर उलटला किंवा फिरत्या दांड्यात कोणाचा हात गेला, तर त्याला दैव म्हणावे की कोणाचे तरी कर्तव्य चुकले असे म्हणावे, आणि वर्षातून एकदा पूजा केल्याने यंत्राविषयीचे कर्तव्य पुरे होते काय, असा तो प्रश्न आहे.

कोणतेही कर्म कशाकशाने घडते याचा सर्वांत नेटका हिशेब भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात आढळतो. तिथे कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्म ज्याच्या आधाराने घडते ते शरीर; कर्ता; करण, म्हणजे साधन; चेष्टा, म्हणजे नाना प्रकारच्या हालचाली; आणि पाचवे दैव. शांकरभाष्यात करण म्हणजे इंद्रिये आणि दैव म्हणजे त्या इंद्रियांना बळ देणाऱ्या देवता असा अर्थ लावला आहे, तर रूढ मराठीत दैव म्हणजे नशीब. परंतु दोन्ही अर्थांनी ते पाचांपैकी एक आहे, एकटे नाही. हीच यादी शेतकामाला लावली, तर अधिष्ठानात चालकाच्या थकल्या-भागल्या देहाबरोबर त्याच्या चाकाखालचा उतार आणि ओल धरता येते, करणात ट्रॅक्टर व त्याला जोडलेले औजार येते, आणि चेष्टेत वळण घेण्याची, खाली उतरण्याची, घाईने हात घालण्याची प्रत्येक हालचाल येते. अपघातानंतर ‘नशिबातच होते’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलतो असे नव्हे, पण तो पाच कारणांपैकी चार गाळून पाचव्यावर सगळा भार टाकतो. उलट ‘सर्वस्वी चालकाचीच चूक’ असे म्हणणाराही गीतेच्या कसोटीला उतरत नाही, कारण केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याची दृष्टी अपुरी असते असे तोच अध्याय पुढे सांगतो.

दैव आणि दोष यांच्यामधील सीमारेषा व्यवहारात कशी आखावी याचा विचार धर्मशास्त्रानेही केला होता. मनुस्मृती या ग्रंथातील विषमतेचा निषेध म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याचे दहन झाले, आणि तो निषेध आजही यथार्थ आहे. तरीही त्याच्या आठव्या अध्यायातील गाडीच्या अपघातांविषयीचे काही श्लोक विचाराच्या इतिहासातील पुरावा म्हणून तपासण्यासारखे आहेत. जनावराची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, दोर तुटला, अथवा गाडीवानाने ‘बाजूला व्हा’ असे ओरडून सांगितले होते, अशा प्रसंगी दंड नाही. गाडीवान अकुशल असल्यामुळे गाडी भरकटली व नुकसान झाले तर दंड मालकाला, गाडीवान कुशल असूनही चुकला तर दंड त्याला, आणि गाडीवान अकुशल असेल तर गाडीत बसणाऱ्यांनाही दंड. अडाण्याच्या हाती कासरा देणारा मालक आणि तशा गाडीत जाणूनबुजून बसणारा माणूस हे दोघेही जबाबदारीत ओढले जातात, ही या मांडणीतील विशेष गोष्ट आहे. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शेतावर जाण्याची सवय गावोगावी दिसते. त्या जागी बसलेला माणूस एका धक्क्यासरशी मागच्या चाकाखाली किंवा औजारापुढे पडू शकतो, आणि त्याला बसू देणारा व बसणारा असे दोघेही त्या जोखमीचे भागीदार असतात.

मात्र याच श्लोकांत एक फट राहिली आहे. मोडलेला आस हा कोणाचाच दोष नाही असे शास्त्रकार मानतो, पण तो आस कालपासून करकरत होता काय, दोर झिजून त्याचे पदर सुटले होते काय, हे तो विचारत नाही. हिब्रू बायबलातील ‘निर्गम’ या ग्रंथाने बैलाच्या संदर्भात नेमका तोच प्रश्न विचारला आहे: बैलाने अचानक कोणाला भोसकून मारले तर मालक निर्दोष, पण तो बैल मारका आहे हे मालकाला आधी सांगितले गेले असूनही त्याने तो बांधून ठेवला नसेल तर मालक अपराधी. इथे सीमारेषा मोडतोडीवर नसून जाणिवेवर आखलेली आहे. पूर्वसूचना मिळाली, त्या क्षणी घटना दैवाच्या हद्दीतून कर्तव्याच्या हद्दीत आली.

यंत्राचे वैशिष्ट्य असे की ते सतत पूर्वसूचना देत असते. रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी ढेकळे फोडून माती भुसभुशीत करणारे औजार, ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. नावाच्या शाफ्टवरून शक्ती घेते. हा शाफ्ट सर्वसाधारणपणे मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. उपरण्याचे टोक, पदर किंवा सैल बाही त्याच्या सांध्यात अडकली तर ‘थांबव’ हा शब्द उच्चारून होण्याआधीच कापड अनेक वेढे गुंडाळले गेलेले असते, आणि त्यामागोमाग देहही ओढला जातो. म्हणून त्या दांड्यावर प्लास्टिकचे आवरण बसवलेले असते. ते आवरण तडकले की ग्रीस भरताना अडचण होते म्हणून काढून टाकले जाते, पुन्हा बसवले जात नाही, आणि एखाद्या हंगामानंतर उघडा दांडा ही नजरेला सवयीची गोष्ट होते. पात्यांचे नट ढिले झाले की आवाज बदलतो, रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ बसली की तापमानाचा काटा चढतो, इंजिनातील ऑइल उतरले की ते सपाट जागेवर गाडी उभी करून डिपस्टिकवर पाहता येते. उचलून धरलेले रोटाव्हेटर हायड्रोलिकचा दाब उतरताच खाली येऊ शकते, म्हणून त्याखाली जाण्यापूर्वी इंजिन बंद करून, किल्ली काढून, औजाराला ठोकळ्याचा भक्कम टेकू देणे आवश्यक असते. यांतील एकही गोष्ट गूढ नाही. प्रत्येक गोष्ट ‘बैल मारका आहे’ असे आधीच सांगणारी आहे.

ब्रेकचे उदाहरण याहून बोलके आहे. ट्रॅक्टरच्या उजव्या आणि डाव्या मागील चाकाला वेगवेगळे ब्रेक असतात, कारण वावराच्या टोकाला एकाच चाकाला ब्रेक लावून आखूड वळण घ्यावे लागते. परंतु रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खिट्टीने एकत्र जोडायची असतात. ओतूरजवळून जाणाऱ्या कल्याण–अहिल्यानगर रस्त्यावर भरलेली ट्रॉली घेऊन वेगात जाताना एकाच बाजूचा ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर गिरकी घेऊन कलंडू शकतो. शेतात जी सोय तीच रस्त्यावर घातक ठरते, आणि मध्ये असते ती एक बोटभर खिट्टी. तसेच मागचे चाक चिखलात रुतल्यावर पुढे लाकडाचा ओंडका अडकवून जोर लावला, तर फिरू न शकलेल्या चाकाऐवजी इंजिनाची शक्ती ट्रॅक्टरच्या धडालाच मागच्या आसाभोवती फिरवू लागते, पुढची चाके उचलली जातात आणि एक-दीड सेकंदात यंत्र चालकावर उलटते. मागच्या मागे गाडी काढून पाहणे किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणे यात पंधरा मिनिटे जातात. घाई मात्र तेवढीही सवड देत नाही. गीतेने तामस कर्माचे जे लक्षण सांगितले आहे, म्हणजे पुढील परिणाम, होणारा नाश, घडणारी हिंसा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म, त्याला यापेक्षा नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. अनेकदा ट्रॅक्टर मालकाचा, वावर दुसऱ्याचे आणि चालक तिसराच, रोजंदारीवरचा असतो. भाडे एकरावर किंवा तासावर ठरते, कांदा लागवडीच्या दिवसांत एकाच वेळी चार जण मशागतीसाठी खोळंबलेले असतात, आणि अशा वेळी दुरुस्तीसाठी यंत्र अर्धा दिवस उभे करणे म्हणजे पोटावर पाय देण्यासारखे वाटते. केवळ चालकाला सावधपणाचा उपदेश करणे हे अशा परिस्थितीत अन्यायाचे होईल. पाच कारणांच्या सिद्धांताचा उपयोग इथे होतो, कारण करण कोणी पुरवले आणि घाई कोणी लादली हेही तो विचारायला लावतो. आधुनिक कायद्याने तीच वाट धरली आहे. मळणीयंत्रात हात गमावणाऱ्या मजुरांच्या प्रश्नातून भारतात धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ आला, आणि त्याने यंत्र बनवणाऱ्यावर व विकणाऱ्यावरही बंधने घातली. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत संरक्षक चौकट सक्तीची केली, जेणेकरून ट्रॅक्टर उलटला तरी चालक त्याखाली चिरडला जाऊ नये. ट्रॅक्टर उलटणे हे त्यापूर्वी जवळजवळ मरणाचेच दुसरे नाव होते. चौकटीने त्याचा अर्थ बदलला. ज्ञान आणि साधन वाढले की दैवाची हद्द मागे सरते, आणि जितकी ती मागे सरते तितकी कर्तव्याची हद्द वाढते.

तरीही एक प्रकारची हिंसा अशी आहे की जी पूर्ण दक्षतेनेही टळत नाही. गृहस्थाच्या घरात पाच सूना, म्हणजे नकळत जीवहत्या घडवणारी पाच स्थाने असतात, असा एक प्राचीन विचार आहे: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांवाचून संसार चालत नाही, म्हणून ती टाकून देण्यास शास्त्र सांगत नाही. त्यांच्या दोषाची फेड म्हणून ते गृहस्थावर रोजचे पाच यज्ञ लादते, आणि त्यांत इतर प्राण्यांना अन्न देण्याचा भूतयज्ञही येतो. रोटाव्हेटर ही या यादीतील सहावी सूना मानण्यास हरकत नसावी. त्याच्या पात्यांखाली गांडुळे जातात, आणि उघड्या रानात जमिनीवरच अंडी घालणाऱ्या टिटवीचे घरटेही जाते. मातीच्या रंगाची ती ठिपकेदार अंडी ट्रॅक्टरच्या सीटवरून दिसत नाहीत, डोक्यावर घिरट्या घालून ओरडणारी टिटवी मात्र दिसते व ऐकू येते, आणि तेवढा तुकडा वगळून पाळी घालणे शक्य असते. सूनांच्या विचाराचे मर्म असे की हत्यार वापरणाऱ्याचे ऋण रोजचे असते, म्हणून त्याची फेडही रोजच करावी लागते. ते वर्षाच्या एका दिवशी एकरकमी फिटत नाही.

जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांनी याच सत्याची दुसरी बाजू जपली आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील शिलालेखांत लेणी आणि पाण्याची टाकी दान केल्याचे उल्लेख येतात, त्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाने, दिलेले दानही आहे. पण त्याचबरोबर कासार आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची आणि दान दिलेल्या शेतांचीही नोंद आहे. लेणे एकदा कोरून होते, तेथील जीवन मात्र दरवर्षी चालवावे लागते, हे त्या दात्यांना ठाऊक होते, म्हणून उत्पन्न देत राहणारी ठेवही त्यांनी दानच मानली. ट्रॅक्टर घेताना हप्त्यांचा हिशेब होतो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. ऑइल, फिल्टर, शाफ्टचे आवरण आणि चालकाचे शिक्षण यांसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवण्याची रीत मात्र क्वचित दिसते.

मग पूजेचे काय करावे? तिला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणारा विचार उथळ आहे, कारण पूजेत एक असा गुण दडलेला आहे की ज्यावाचून निगाही जमत नाही. ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे वारंवार अवधान मागतात, म्हणजे दुसरे सर्व बाजूला ठेवून समोरच्या गोष्टीकडे लावलेले मन. कपर्दिकेश्वराच्या मंदिरात श्रावणात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचल्या जातात, त्या हेच अवधान मागतात. हात जरा घाईने पडला तर रचना ढासळते. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुताना तोच हात वर्षातून एकदा तरी प्रत्येक नळीवरून, प्रत्येक नटावरून फिरतो, आणि कुठे गळती आहे, कुठे तडा गेला आहे हे त्या दिवशी कळते. पूजेचा अर्थ एवढ्यासाठीच मोठा आहे, आणि तिची मर्यादाही इथेच आहे: त्या दिवशी दिसलेला तडा दुसऱ्या दिवशी सांधला नाही, तर पूजा करणाऱ्याने पूर्वसूचना स्वतःच्या हातांनी घेतलेली असते आणि त्यानंतर घडणाऱ्या अनर्थाला दैव म्हणण्याचा त्याचा अधिकार संपलेला असतो. देवाच्या नावाने सोडण्याजोगे पुष्कळ काही जगात उरतेच. ते काय आहे हे मात्र स्वतःच्या वाट्याची चारही कारणे तपासून झाल्यानंतरच ठरवता येते.